ख्रिस्ती विचारातील दाम्पत्यभाव आणि ईश्वरसान्निध्य : टिळक दाम्पत्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
पतिपत्नींची जवळीक ही ईश्वरभक्तीला पूरक की बाधक, हा ख्रिस्ती चिंतनातील जुना प्रश्न आहे. वैराग्याकडे झुकलेल्या परंपरेने या दोहोंत विरोध पाहिला. बायबलने मात्र विवाहालाच देव व मानव यांच्या नात्याचे रूपक केले. प्रस्तुत लेखात या विचाराचे स्वरूप सांगून रेव्ह. ना. वा. टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांच्या सहजीवनाच्या आधारे त्याचा अर्थ स्पष्ट केला आहे.

बायबलमधील भूमिका :
'उत्पत्ती'च्या दुसऱ्या अध्यायात पतिपत्नी एकदेह होतात, असे म्हटले आहे. होशेय संदेष्ट्याने देव व इस्राएल यांचे नाते दुखावलेल्या, तरीही क्षमाशील पतीच्या रूपकातून मांडले. बाराव्या शतकात क्लेअरव्होच्या बर्नार्डने 'गीतरत्ना'तील प्रणयगीतांचा अर्थ आत्मा व ख्रिस्त यांच्या मीलनाच्या अंगाने लावला. ज्ञानदेवांच्या विरहिणी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये.

तथापि, व्यवहाराच्या दृष्टीने पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय अधिक महत्त्वाचा आहे. पतिपत्नींचा एकमेकांच्या शरीरावर सारखाच अधिकार आहे, असे तेथे सांगितले आहे. प्रार्थनेसाठी वेगळे राहावयाचे झाल्यास तेही उभयतांच्या संमतीने व काही काळापुरतेच असावे. म्हणजेच ईश्वरासाठीसुद्धा जोडीदाराला डावलता येत नाही. विश्वास न ठेवणारा जोडीदार सोबत राहण्यास राजी असेल, तर त्यास सोडू नये, असेही पौल सांगतो.

टिळक दाम्पत्य :
टिळकांचा विवाह १८८० मध्ये झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीला पूर्वकल्पना न देता. टिळकांना जो निर्णय ईश्वराच्या जवळ नेणारा वाटला, त्यानेच त्यांचा संसार मोडला. पुढील काही वर्षे लक्ष्मीबाई नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. वरील वचनांच्या कसोटीवर टिळकांचे हे मौन समर्थनीय ठरत नाही.

पुनर्मीलन झाल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळेओवळे प्रारंभी सोडले नाही. जातिभेद ईश्वरनिर्मित नाही, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय पतीच्या आज्ञेचा नव्हता. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त त्यांनी पतीच्या विक्षिप्तपणाबद्दल जितक्या मोकळेपणाने लिहिले, तितक्याच मोकळेपणाने त्याच्यावरील प्रेमाबद्दलही लिहिले. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपूर्ण होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. त्यातील बहुसंख्य अध्याय त्यांचेच आहेत. ज्या श्रद्धेमुळे ताटातूट झाली, तीच अखेरीस उभयतांच्या एका ग्रंथाचा विषय झाली.

निष्कर्ष :
१) ख्रिस्ती विचारात दाम्पत्यप्रेम हे ईश्वरप्रेमाचे प्रतिस्पर्धी नसून त्याचे रूपक व साधन आहे.
२) एकदेह होणे म्हणजे एकाच्या श्रद्धेत दुसऱ्याचे विलीन होणे नव्हे, परस्पर संमती ही त्याची अट आहे.
३) 'स्मृतिचित्रे'चे अध्यापन करताना धर्मांतराच्या घटनेइतकाच लक्ष्मीबाईंच्या स्वतंत्र निर्णयावर भर दिला, तर या ग्रंथाचा धार्मिक आशय विद्यार्थ्यांना यथार्थपणे समजेल.