गस्तीच्या वहीतला पाऊस

कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झाले आणि रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ पासून सलग सुरू झाला. वाटेत ९१ बोगदे, दोन हजारांच्या आसपास पूल आणि डोंगर उभा चिरून काढलेल्या घळी आहेत. या घळींना रेल्वेत सगळे ‘कटिंग’च म्हणतात. मार्गाचे नकाशे, पुलांच्या नोंदवह्या आणि तपासणीचे अहवाल कचेरीत असतात. पण पाऊस थांबल्यावरही कोणत्या कटिंगमधून पाणी झिरपत राहते, कोणता ओहोळ तासाभरात मोरी भरून टाकतो, हे त्या वाटेने रोज चालणाऱ्याला ठाऊक असते. तो निवृत्त झाला की हे ज्ञानही त्याच्याबरोबर घरी जाते. ते जाऊ नये म्हणून रेल्वेने ज्या सोयी केल्या, त्यांतल्या काही फार जुन्या आहेत आणि आजही कामाच्या आहेत.

पहिली सोय लोको पायलटसाठी. भारतीय रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांनुसार, मार्गाची ओळख झाल्याचे सही करून दिल्याशिवाय चालकाला त्या मार्गावर गाडी हाकता येत नाही. ही ओळख पुस्तकातून होत नाही. जाणत्या चालकाच्या शेजारी इंजिनात उभे राहून फेऱ्या कराव्या लागतात, त्यातही एखादी रात्रीची. रेल्वेच्या बोलीत याला ‘लर्निंग रोड’ म्हणतात. ठरावीक काळ त्या मार्गावर गाडी चालवली नाही, तर फेऱ्या नव्याने कराव्या लागतात. माणूस विसरतो, हे एखाद्या सरकारी नियमाने इतक्या सरळपणे मान्य केल्याची उदाहरणे फार नाहीत.

दुसरी सोय पावसाळी गस्तीची. गस्तवाल्याकडे तिरंगी हातदिवा, झेंड्या, शिट्टी, चालकाला इशारा म्हणून रुळावर लावायचे फटाके आणि एक वही असते. तो आपल्या बीटच्या, म्हणजे नेमून दिलेल्या टप्प्याच्या, टोकापर्यंत चालत जातो, समोरून येणाऱ्या गस्तवाल्याला भेटतो आणि दोघे वह्यांची अदलाबदल करतात. स्थानकावर पोचलेल्या वहीवर स्टेशन मास्तर वेळ घालून सही करतो. अशा तऱ्हेने वही हातोहात पुढे सरकते, आणि मधला एखादा टप्पा कोणी चाललाच नसेल तर ते उघड होते. दरड दिसली तर काय करायचे, हेही मोजून ठरलेले आहे. ब्रॉडगेजवर अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक फटाका आणि १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. भर पावसात, अंधारात, धावत जाऊन लावण्याचे हे फटाके आहेत. अशा वेळी आठवायला सवड नसते, म्हणून आकडे आधीच अंगवळणी पाडलेले असतात.

कोकण रेल्वेवर दर पावसाळ्यात सहाशेहून अधिक माणसे गस्तीवर आणि पहाऱ्यावर असतात. एवढी दक्षता मात्र पहिल्या दिवसापासूनची नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला निघालेली सुटीतली विशेष गाडी दरडीवर आदळली आणि ५० हून अधिक माणसे मेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ आंबोली पुलावर मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळांवर आलेल्या धोंड्यांमुळे घसरली. त्यानंतर कटिंगांचे उतार कमी करणे, दगडांवर जाळ्या ठोकणे, पावसाळ्यात गाड्या सावकाश चालवणे यांवर भर आला. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले तर ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आहे. पावसाळी वेळापत्रक म्हणजे उशिराने पोचण्याचे निमित्त, असे चाकरमान्यांना वाटत आले आहे. खरे तर दोन अपघातांचा अनुभव त्या मिनिटांत मुरलेला आहे. हे वेळापत्रक पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असे, २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर झाले.

उपकरणांचीही भर पडली. रत्नागिरीजवळच्या पानवल पुलावर आणि मांडवी, जुवारी, शरावती या पुलांवर वारा मोजला जातो. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांवर पुराची सूचना देणारी यंत्रे आहेत.

याच सावित्रीवर महाडजवळ १९२८ साली बांधलेला रस्त्याचा दगडी पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात कोसळला आणि दोन एसटी बसगाड्या वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि त्यात काळजीचे काही आढळले नव्हते. पाहणी झाली, कागद झाला, एवढ्याने पुलाची माहिती झाली असे होत नाही. बदलीवर आलेला अधिकारी चार्ज घेतो तेव्हा किल्ल्या, रोकड, वस्तू आणि नोंदवह्या मोजून ताब्यात घेतो. आधीच्या अधिकाऱ्याला कशाची धास्ती वाटत होती, यासाठी त्या यादीत रकाना नसतो.

गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. कोकण रेल्वेचे कठीण खडकातले बोगदे स्वीडनहून आणलेल्या यंत्रांनी खोदले गेले. मऊ मातीतले नऊ बोगदे मात्र यंत्राला दाद देईनात. पाण्याने भिजलेली चिकणमाती खोदावी तशी पुन्हा आत येई. काम हातानेच करावे लागले. त्यात चार वर्षे आणि १९ जीव गेले, तर सबंध मार्गाच्या बांधणीत ७४. पेडणे त्या नवातलाच, आणि मार्ग सलग होण्याचे काम त्यानेच अडवून धरले होते. ऑगस्ट २०२० मध्ये याच बोगद्यातली भिंत ढासळली आणि गाड्या पुणे, मिरज, लोंढामार्गे वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये तेथेच पाणी शिरून वाहतूक थांबली. या मातीचा स्वभाव नोंदींत आहेच. पण ती हाताला कशी लागते, कोसळण्याआधी काय दिसते, हे खोदणाऱ्यांनी पाहिले होते.

ती पिढी आता निघाली आहे. १९९३ साली पंचविशीत रुजू झालेला कर्मचारी २०२८ मध्ये साठीचा होईल. या पिढीत मार्गासाठी जमीन गेलेल्या घरांतलेही बरेच आहेत. त्यांना ती टेकडी रेल्वे येण्याआधीपासून माहीत होती. २०२५ साली महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्रानेही संमती दिली. विलीनीकरणानंतर निधीचा प्रश्न हलका होईल, तसेच दूरच्या विभागांतून बदलून येणाऱ्या अभियंत्यांची संख्याही वाढेल. नव्या अभियंत्याच्या टेबलावर रुळांची संगणकीय नोंद आधीपासून असेल. कटिंग मात्र त्याला कुणा जुन्या ट्रॅकमनबरोबर एक पावसाळा चालूनच पाहावी लागेल, आणि हे चालणे नियमात घालायचे तर जुने ट्रॅकमन नोकरीत आहेत तोवरच घालता येईल.