इसार घेण्याआधी

सभासद बंधूंनो, कामशेतच्या बाजारात हल्ली इंद्रायणी तांदळाच्या भावाइतकीच गुंठ्याच्या भावाची चर्चा चालते. द्रुतगती मार्ग २००२ साली सुरू झाला, तेव्हापासून हे वाढतच गेले आहे. ऊस नोंदीसाठी आम्ही गटागटांतून फिरतो, तर बांधावर मालकाच्या आधी एजंटच भेटतो.

जमीन विकू नका, असे सांगण्याचा आम्हास अधिकार नाही. ज्याच्या घरी दवाखान्याचे बिल थकले आहे, त्याला बाहेरून उपदेश करणे सोपे आहे. पण आलेला व्यवहार कधी परत पाठवावा, याबद्दल हडपसरजवळच्या मगरपट्ट्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. तिथेही उसाची शेती होती. पुण्याच्या १९८२ च्या विकास आराखड्याच्या मसुद्यात ती जमीन पुढे शहरवाढीसाठी दाखवली गेली, आणि गिऱ्हाईके येऊ लागली. सुमारे १२० कुटुंबे, एकूण जमीन ४०० एकरांच्या आसपास. श्री. सतीश मगर यांच्या पुढाकाराने या मंडळींनी एकेकट्याने विकायचे नाकारले. जमिनी एकत्र केल्या, स्वतःचीच कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याचे शेअर, असा हिशेब धरला. २००० साली बांधकाम सुरू झाले.

नीट पाहिले तर त्यांनी शहराला नाही म्हटले नाही. एकदाच पैसे घेऊन बाजूला होण्याला नाही म्हटले. शिवाय सगळ्यांनी मिळून म्हटले, हे महत्त्वाचे. रस्त्याकडेच्या दोघांनी आधी विकले की मागच्याची वाट अडते, मग त्याला मिळेल तो भाव घ्यावा लागतो. आपल्याकडे तसे जमेलच असे नाही. एकेका सातबाऱ्यावर दहा-बारा नावे, त्यात भावकीचे तंटे!

तरी काही व्यवहार एकट्यानेही परत पाठवावेत. इसार थोडा आणि मुदत लांबलचक असली, तर आपली जमीन अडकते आणि समोरचा तोवर तिच्यावर दुसरे गिऱ्हाईक शोधतो. इसारासोबतच रद्द न होणारे कुलमुखत्यारपत्र मागितले, तर उठून यावे. "उद्या दुसरा माणूस येतोय, आजच सही करा," म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावे.

सगळेच क्षेत्र विकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. कुळकायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आलेल्या पैशातून शिरूरकडे किंवा दौंडकडे जमीन घेऊ म्हणता, पण नावावर गुंठाही उरला नाही तर शेतकरी असल्याचा पुरावा कोठून आणणार? इथे थोडे क्षेत्र राखावे, नाहीतर तिकडचे खरेदीखत आधी करावे.

नोंदीसाठी सातबारा काढताच, तेव्हा फेरफारही वाचून घ्या. न कळल्यास गट कार्यालयात आणा, आम्ही बसून वाचू.