नऊ पॉइंट तेहतीस

गोव्यात 1994 साली झालेल्या ‘फेमिना मिस इंडिया’ स्पर्धेचं चित्रीकरण आजही पाहायला मिळतं. रंग विटलेले, चित्र जरा पुसट. शेवटी गुण जाहीर होतात. सुश्मिता सेन 9.33, ऐश्वर्या राय 9.33. दहापैकी, तेही दोन दशांश स्थळांपर्यंत. सौंदर्य इतकं बारीक मोजूनही बरोबरी व्हायची ती झालीच.

त्या वर्षी ऐश्वर्या उतरणार हे कळल्यावर बऱ्याच मुलींनी अर्ज मागे घेतले होते. पेप्सीच्या जाहिरातीमुळे तिचा चेहरा घरोघरी पोचलेला. सुश्मितानंही अर्ज काढून घेतला होता; आई रागावली म्हणून परत भरला, असं तिनंच पुढे सांगितलं. डिझायनरचा गाऊन परवडणारा नव्हता. दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातून कापड आणलं, घराखाली बसणाऱ्या आणि एरवी परकर शिवणाऱ्या शिंप्याला ते दिलं. हातमोज्यांची सोय नव्या कोऱ्या पायमोज्यांतून झाली: पुढचा भाग कापायचा, कडेला इलॅस्टिक घालायचं, की झाले कोपरापर्यंतचे हातमोजे. चित्रीकरण थांबवून बघितलं तरी ओळखू येत नाहीत.

बरोबरी फोडायला दोघींना एकेक प्रश्न आला. ऐश्वर्याला विचारलं, नवरा निवडायचा तर ‘द बोल्ड अँड द ब्युटिफुल’मधल्या रिज फॉरेस्टरसारखा की ‘सांता बार्बरा’मधल्या मेसन कॅपवेलसारखा? नुकतंच घराघरांत केबल आलं होतं, त्या दिवसांना शोभेलसा प्रश्न. तिनं मेसन निवडला. सुश्मिताला देशाच्या वस्त्रपरंपरेबद्दल विचारलं. ही परंपरा गांधीजींच्या खादीपासून सुरू झाली असावी, असं ती म्हणाली. मोहेंजोदडोत कापसाचं कापड सापडलंय. पैठणच्या एखाद्या विणकरानं हे उत्तर ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता. शाळेत या उत्तराला भोपळा मिळाला असता. इथे मुकुट मिळाला. त्याच वर्षी सुश्मिता मनिलात मिस युनिव्हर्स झाली आणि ऐश्वर्या सन सिटीत मिस वर्ल्ड, म्हणजे परीक्षकांचं चुकलं असं म्हणायलाही जागा उरली नाही.

मग ते परीक्षक ऐकत तरी काय होते?

दोन वर्षं मागे जाऊ. 1992 साली आपल्या नागपूरची मधू सप्रे बँकॉकमध्ये मिस युनिव्हर्सच्या शेवटच्या तिघींत पोचली. प्रश्न आला: तुम्ही देशाच्या प्रमुख झालात तर पहिलं काम कोणतं कराल? मधू खेळाडू. तिनं मनापासून सांगितलं की जगातलं उत्तम क्रीडांगण उभारीन. गरिबी, शिक्षण, उपासमार यांतलं काहीच नाही. ती तिसरी आली. खरं तर खेळाडू मुलीला मैदान सोडून दुसरं काय आठवणार? माझ्या मते त्या रात्री व्यासपीठावर दिलं गेलेलं सर्वांत प्रामाणिक उत्तर तेच होतं.

आणि 2000 साल. लंडनमध्ये मिस वर्ल्डच्या अंतिम फेरीत प्रियांका चोप्राला विचारलं, आज हयात असलेली कोणती स्त्री तुम्हाला सर्वांत यशस्वी वाटते? तिनं मदर तेरेसांचं नाव घेतलं. मदर जाऊन तीन वर्षं झाली होती. प्रियांका जिंकली.

ही तीन उत्तरं शेजारी ठेवली की स्पर्धेचं गुपित बऱ्यापैकी उलगडतं. त्या अर्ध्या मिनिटात मुलीचं ज्ञान तपासलं जात नाही. प्रश्न अंगावर आल्यावर तिची मान किती हलली, डोळे कुठे गेले, श्वास कुठे घेतला, शेवटच्या शब्दावर आवाज पडला की टिकला, हे बघितलं जातं. उत्तरात विषयापेक्षा सूर महत्त्वाचा, आणि तो सूर कसा लावायचा हे शिकवणारी माणसं असतात. मुंबईच्या रंगभूमीवरच्या सबिरा मर्चंट यांनी मिस इंडियाच्या मुलींच्या कित्येक तुकड्यांना बोलणं, उच्चार आणि टेबलावरच्या रीतीभाती शिकवल्या.

हे यंत्र इतकं तेल घातलेलं नेहमीच नव्हतं. पहिली मिस इंडिया 1947 सालची: एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, पडद्यावरची प्रमिला. कलकत्त्यातल्या बगदादी ज्यू घराण्यातली, तोवर तिशी ओलांडलेली, लग्न झालेली, मुलंबाळं असलेली. आजचा अर्ज तिला पहिल्याच रकान्यात बाद करेल. तिचीच मुलगी नकी जहाँ वीस वर्षांनी, 1967 साली, मिस इंडिया झाली. आई आणि लेक दोघी मिस इंडिया, अशी दुसरी जोडी नाही.

पन्नासच्या दशकात ‘मिस इंडिया’ हे नाव कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. 1952 साली नर्तकी इंद्राणी रेहमान हा किताब घेऊन मिस युनिव्हर्सला अमेरिकेत लाँग बीचला गेली, आणि त्याच साली शोभना समर्थांची नूतनही मसुरीच्या स्पर्धेत मिस इंडिया ठरली. पुढे मुंबईच्या दोन महिला नियतकालिकांनी हे काम वाटून घेतलं. ‘ईव्ह्ज वीकली’ची विजेती मिस वर्ल्डला जायची, ‘फेमिना’ची मिस युनिव्हर्सला. टाइम्स समूहाचं ‘फेमिना’ 1959 सालचं. त्याची पहिली मिस इंडिया 1964 साली मेहेर कॅस्टेलिनो, पुढे फॅशनवर लिहिणारी नामांकित पत्रकार.

‘ईव्ह्ज वीकली’च्या वाट्याला रीटा फारिया आली. आईवडील गोव्याचे, मुलगी मुंबईची, ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकणारी. 1966 साली ती लंडनला निघाली तेव्हा साडी उसनी, पोहण्याचा पोशाखही उसना, तो आदल्या वर्षीच्या मिस इंडिया पर्सिस खंबाटाचा. खिशात 3 पौंड. परकीय चलनाच्या बाबतीत सरकारचा हात तेव्हा तेवढाच सैल होता. ती मिस वर्ल्ड झाली, तो मान मिळवणारी पहिली आशियाई स्त्री. बॉब होपबरोबर व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांपुढे गेली म्हणून इथे टीकाही झाली. वर्षभर मुकुट मिरवला, सिनेमाला नाही म्हटलं, पुन्हा वैद्यकाची पुस्तकं उघडली आणि पुढे डब्लिनमध्ये डॉक्टर म्हणून स्थिरावली. तिला तयार करायला कुणी पलटण नव्हती.

पलटण आली नव्वदच्या दशकात. अर्थव्यवस्था खुली झाली, परदेशी सौंदर्यप्रसाधनं दुकानात आली, आणि टाइम्स समूहातल्या प्रदीप गुहांच्या हाताखाली स्पर्धेचा कारखाना झाला. निवडलेल्या मुलींना मुंबईत आणून जवळजवळ महिनाभर घासूनपुसून तयार करायचं: आहारतज्ज्ञ, त्वचेचे डॉक्टर, दंतवैद्य, व्यायाम, चालणं, बोलणं. आणि शेवटी एकीला नाही, तिघींना निवडायचं. मिस युनिव्हर्सला कोण, मिस वर्ल्डला कोण, मिस एशिया पॅसिफिकला कोण, हे आधीच ठरवायचं. आमच्याकडे देवगडच्या बागेत आंबा काढल्यावर वजनावर निवड होते: हा परदेशी पेटीचा, हा मुंबईच्या बाजाराचा, हा घरी रसाला. घरच्या रसाचा आंबा कितीदा तरी जास्त गोड निघतो, पण पेटीचा हिशेब वेगळा. 2000 साली हा हिशेब अचूक बसला. लारा दत्ता मिस युनिव्हर्स, प्रियांका मिस वर्ल्ड, दिया मिर्झा मिस एशिया पॅसिफिक. तिघी एकाच मंचावरून निघालेल्या. त्याच मंचावर परीक्षक शाहरुख खाननं प्रियांकाला विचारलं होतं की खेळाडू, उद्योगपती आणि माझ्यासारखा नट यांतला नवरा कोणता? तिनं शाहरुखसमोर खेळाडू निवडला. इथेही उत्तरापेक्षा न बिचकणं महत्त्वाचं.

मिस वर्ल्डची अंतिम फेरीच 1996 साली बंगळुरात आली तेव्हा मात्र रस्त्यावर मोर्चे निघाले. एका बाजूला संस्कृतिरक्षक, दुसऱ्या बाजूला स्त्रीवादी संघटना. एरवी एका चहाच्या टपरीवर न बसणारी माणसं एकाच मागणीवर. पोहण्याच्या पोशाखाची फेरी शेवटी सेशेल्सला न्यावी लागली. पुढे 2014 साली मिस वर्ल्डनं ती फेरी बंदच केली.

कारखाना आतून कसा दिसतो हे निशा पाहुजा यांच्या 2012 सालच्या ‘द वर्ल्ड बिफोर हर’ या माहितीपटात पाहावं. त्यातला एक प्रसंग विसरता येत नाही. मुलींना पांढऱ्या कापडानं डोक्यापासून खाली झाकलंय, चेहरा दिसत नाही, धड दिसत नाही. उघडे आहेत ते फक्त पाय. चेहऱ्याकडे लक्ष जाऊन पायांचे गुण चुकायला नकोत, हे कारण. आंधळ्या कोशिंबिरीसारख्या मुली अडखळत चालतात, आणि बघणाऱ्याला हसावं की काय करावं कळत नाही. दुसऱ्या प्रसंगात बोटॉक्सची सुई आहे. ती टोचून घेणारी मुलगी घाबरलेली आहे, पण नको म्हणत नाही.

2017 सालापासून दर राज्याची एक प्रतिनिधी घ्यायची पद्धत आली. आधी अर्ज आणि चाचणी, मग राज्याची विजेती, मग सगळ्या मिळून मुंबईत शिबिर. लखलखाटाची रात्र टीव्हीवर दिसते तेव्हा बरंचसं ठरून गेलेलं असतं. परीक्षकांची बंद दाराआडची मुलाखत आधीच झालेली असते, आणि माहीतगार लोक म्हणतात, खरी निवड तिथेच होते. उंचीची अट खाली येत 5 फूट 3 इंचांवर आली. भूगोल रुंदावला, चेहरा मात्र रुंदावला नाही. 2019 साली तीस स्पर्धकांचे फोटो वर्तमानपत्रात एकत्र छापले गेले तेव्हा लोकांनी ते समाजमाध्यमांवर फिरवले. वेगवेगळ्या राज्यांच्या तीस मुली आणि सगळ्यांचा गोरेपणा एकाच डब्यातला, केसही एकाच वळणाचे. केरळ कुठली आणि काश्मीर कुठली ते खालची नावं वाचल्याशिवाय कळेना.

तरी त्याच पद्धतीतून पहिल्याच वर्षी हरियाणाची मानुषी छिल्लर निघाली आणि चीनमधल्या सान्या शहरात मिस वर्ल्ड झाली. तीही डॉक्टरकी शिकणारी, रीटासारखी. सर्वांत जास्त पगार कोणत्या कामाला मिळावा, या प्रश्नावर ती म्हणाली, आईच्या. या उत्तराला वजा गुण देण्याची छाती कोणत्या परीक्षकाची आहे? मधू सप्रेच्या क्रीडांगणानंतर पंचवीस वर्षांत आपण काय शिकलो ते या एका शब्दात आहे.

निकालाच्या आधी मंचावर एखादा नाच असतो. तो परीक्षकांचे कागद गोळा करून बेरीज व्हावी म्हणून असतो. मग पाकीट, मग नाव, मग ओंजळीत तोंड. त्यानंतरची दहा-पंधरा सेकंदं मला सगळ्यांत खरी वाटतात. गेल्या वर्षीची विजेती स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट काढते आणि नवीच्या केसांत बसवू लागते. दोघींच्या पायांत उंच टाचा, नवी रडतेय, मान स्थिर नाही. मुकुटाच्या दोन्ही बाजूंना फण्या असतात, त्या फवारा मारून कडक केलेल्या केसांत शिरत नाहीत. महिनाभर ताठ चालायला शिकलेली मुलगी मग गुडघ्यांत वाकते, एका हातानं मुकुट धरून ठेवते आणि दुसरा हात लोकांना हलवत चालायला लागते.