व्हायरस आणि त्याचा यजमान

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे संगणकाविषयीचे सर्व प्रश्न माझ्याकडेच येतात. "दुकानातल्या कॉम्प्युटरचा व्हायरस माझ्या मोबाइलात शिरेल का रे?" हा काकांचा प्रश्न त्यांपैकीच एक. पीकविम्याची सारी कागदपत्रे मोबाइलातच असल्याने त्यांची काळजी खरी होती. उत्तर शोधताना जे उमगले, ते येथे मांडतो.

संगणकातील व्हायरस हा जंतू नव्हे. तो कोणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम, म्हणजेच आज्ञांची यादी असते. परंतु फाइल उघडणे, तिच्यात लिहिणे, तिची नक्कल करणे ही कामे प्रोग्रॅमला सहसा ऑपरेटिंग सिस्टिमकडून करवून घ्यावी लागतात. विंडोज, लिनक्स, मॅक यांच्याकडे ती मागण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत. प्रोग्रॅमच्या फाइलची ठेवणही प्रत्येकाची वेगळी. मोडीत लिहिलेला हुकूम मोडी न जाणणाऱ्या कारकुनाच्या हाती पडावा, तसा हा प्रकार होय. कागद पोहोचतो, पण अंमल होत नाही. म्हणूनच विंडोजचा व्हायरस अँड्रॉइड मोबाइलात फाइल म्हणून पडून राहील, पण तेथे चालणार नाही. तीच फाइल विंडोजच्या दुसऱ्या संगणकावर नेऊन उघडली, तर मात्र धोका आहे. शिवाय खास अँड्रॉइडसाठी लिहिलेले घातक प्रोग्रॅमही असतातच.

याला अपवाद नाहीत काय? १९९५ साली आढळलेला 'कॉन्सेप्ट' हा व्हायरस विंडोज व मॅक या दोहोंवर पसरला. कारण तो 'वर्ड' या प्रोग्रॅमच्या भाषेत लिहिलेला होता आणि वर्ड दोन्हीकडे होते. म्हणजे नियम कायम राहिला, यजमान तेवढा बदलला.

एकाच यजमानावर सर्वांनी विसंबण्याचा परिणाम मे २०१७ मध्ये दिसला. विंडोजमधील एका उणिवेतून 'वॉनाक्राय' आपोआप पसरला. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेच्या किमान ८० ट्रस्टांचे काम विस्कळीत झाले आणि हजारो रुग्णांच्या तपासण्या रद्द झाल्या. विशेष म्हणजे ती उणीव बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. अनेकांनी ती बसविली नव्हती.

फोनवर ओटीपी मागणाऱ्या लबाडाला तर कोणतीच सिस्टिम लागत नाही. त्याला आपला भोळेपणा पुरतो. तेव्हा दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवाव्यात, अनोळखी फाइल उघडू नये आणि ओटीपी कोणासही सांगू नये. एवढी खबरदारी घेण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.