नवागामच्या अंगणात गाडीची चकाकी

सुरतच्या नवागाम-डिंडोली भागात खानदेशी घरं भरपूर, आणि जवळूनच उधना-जळगाव रेल्वेमार्ग जातो. रेल्वेच्या ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे बारीक कण गाडीवर बसतात, गंजतात आणि पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके उमटतात. नुसत्या धुण्यानं ते जात नाहीत.

गाडी सावलीत, बॉनेट गार असताना धुवा. बादल्या दोन हव्यात: एकीत कार शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. भांड्यांचा साबण नको, तो मेण उतरवतो. कोरड्या धुळीवर फडकं मारणं तर सर्वांत वाईट. रोज सकाळी नेमकं तेच आपण करतो! बोअरचं जड पाणी वाळलं की क्षारांचे डाग राहतात, म्हणून गाडी लगेच मायक्रोफायबरनं टिपा.

धुतल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून बोटं फिरवा. खरखर लागली तर डिटेलिंगची चिकणमाती, म्हणजे क्ले बार, शाम्पूच्या पाण्यानं ओला ठेवून हलक्या हातानं फिरवा. जमिनीवर पडलेला तुकडा पुन्हा वापरू नका. त्यातली वाळू ओरखडे काढते.

पॉलिशचा मोह आवरा. रंगावरचा पारदर्शक थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ असतो आणि प्रत्येक पॉलिशमध्ये तो थोडा झिजतो. मेण मात्र दर दोन-तीन महिन्यांनी लावा, पावसाळ्याआधी तर नक्कीच.