पोटगीचा हुकूम ही काळ्या दगडावरची रेघ नव्हे



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला बसले होते. बचत गोळा झाली, मागचं इतिवृत्त वाचून झालं आणि कर्जमागणीचा विषय निघाला. एक ताई म्हणाली, "मला आठ हजार पाहिजेत, पोराच्या आयटीआयच्या फीला." तिचं आधीचं कर्ज अजून फिटलेलं नव्हतं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "पोराच्या बापाकडून पोटगी येते ना तुला?"

"येते की. महिन्याला पंधराशे."

हे पंधराशे ठरले २०१३ साली. तेव्हा पोरगा अंगणवाडीत जात होता. आता तो सोळा वर्षांचा आहे. त्या वेळी बाप रोजंदारीवर होता, आज तो कंपनीत कायम झालाय. सगळं बदललं, पंधराशे मात्र तेवढेच राहिले. मी विचारलं, "ताई, वाढवून का नाही मागितलेस?" ती म्हणाली, "अहो मॅडम, निकाल लागला ना तेव्हाच. कोर्टानं लिहिलेलं कोण बदलणार?"

बैठकीतल्या निम्म्या बायकांनी मान डोलावली. म्हणून आज मी त्याच एका समजुतीवर बोलणार आहे. घटस्फोट झाला की तो झाला, हे खरं. पण मुलांचा ताबा, मुलांची भेट आणि पोटगी यांचा हुकूम तसा नसतो. परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो. मात्र तो आपोआप बदलत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो.

कायदा काय म्हणतो

पोटगीचं जुनं कलम १२५ आपल्यापैकी पुष्कळजणींना ऐकून माहीत आहे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. आता पोटगीचं कलम १४४ आहे आणि ठरलेली पोटगी कमी-जास्त करण्याचं कलम १४६ आहे. जुन्या कलमाखाली मिळालेला हुकूम त्यामुळे रद्द झालेला नाही, तो चालूच आहे. हा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. घटस्फोटित मुस्लिम बहिणींनाही तो लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

काहीजणींची पोटगी घटस्फोटाच्या निकालातच ठरलेली असते. ती हिंदू विवाह कायद्याखाली असेल तर कलम २५ प्रमाणे आपली पोटगी आणि कलम २६ प्रमाणे मुलांचा ताबा, खर्च व शिक्षण यांचा हुकूम नंतरही बदलून मागता येतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली हुकूम मिळाला असेल, तर त्यातही कलम २५ मध्ये बदलाची सोय आहे. कलमांचे आकडे पाठ करायची गरज नाही. आपला हुकूम कोणत्या कोर्टाचा आणि कोणत्या कायद्याखालचा आहे, एवढं मात्र माहीत पाहिजे. ते हुकमाच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं. साधारणपणे ज्या कोर्टानं हुकूम दिला, तिथंच बदलाचा अर्ज करायचा.

ज्यांची सोडचिठ्ठी फक्त स्टँपपेपरवर किंवा चार पंचांसमोर झाली, त्यांच्याकडे बदलायला कोर्टाचा हुकूमच नाही. त्यांनी आधी वकिलाला भेटून नव्यानं पोटगीचा अर्ज करावा.

बदल झाला म्हणजे काय झालं

"महागाई वाढली" एवढं बोलून भागत नाही. हुकूम झाला त्या दिवशी काय होतं आणि आज काय आहे, हे दाखवावं लागतं. मूल शाळेतून कॉलेजात गेलं, एसटीचा पास आणि वसतिगृहाचा खर्च सुरू झाला. मुलाला मोठा आजार निघाला. आपलं काम सुटलं किंवा आजारपणामुळे मजुरीला जाणं बंद झालं. त्याला कायमची नोकरी लागली, पगार वाढला, जमीन बागायत झाली. हे सगळे बदल धरले जातात.

ही वाट दोन्ही बाजूंनी उघडी आहे, हेही लक्षात ठेवा. त्याची नोकरी गेली किंवा तो अपघातानं अधू झाला, तर पोटगी कमी करा असा अर्ज तोही करू शकतो. पण कोर्ट बदलत नाही तोवर जुनी रक्कम त्याला द्यावीच लागते. "माझी परिस्थिती नाही" म्हणून त्यानं आपल्या मनानं निम्मे पैसे पाठवायचे, असं चालत नाही.

घटस्फोटित बाईनं दुसरं लग्न केलं तर तिची स्वतःची पोटगी बंद होऊ शकते. मुलांची होत नाही. बाप तो बापच राहतो. आणि संमतीनं घटस्फोट घेताना आईनं "मला काही नको" असं लिहून दिलं असलं, तरी मुलांचा हक्क त्यानं संपत नाही. तो हक्क मुलांचा आहे, आईनं सोडून देण्यासारखा नाही.

कलम १४४ ची मुलांची पोटगी साधारण अठरा वर्षांपर्यंत असते. मूल अपंग असेल आणि स्वतःचं पोट भरू शकत नसेल, तर त्यानंतरही मिळते. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे अविवाहित मुलीला स्वतःचा खर्च भागवता येत नसेल, तर अठरा वर्षांनंतरही ती बापाकडे मागू शकते. लेकीचं शिक्षण बारावीनंतर थांबवण्याआधी हे एकदा आठवा.

वेळ का घालवू नये

वाढीव पोटगी मागच्या वर्षांची मिळत नाही. ती साधारणपणे अर्ज केल्याच्या तारखेपासून किंवा हुकमाच्या तारखेपासून धरतात. आमच्या ताईचा पोरगा पाचवीत गेला तेव्हाच तिनं अर्ज केला असता, तर मधल्या वर्षांची वाढ तिला मिळाली असती. ती वर्षं आता परत येणार नाहीत.

थकलेल्या पोटगीचंही तसंच आहे. कलम १२५ किंवा १४४ खालची पोटगी थकली, तर ती थकल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो, तरच कोर्ट वॉरंट काढतं. "देईल आज ना उद्या" म्हणत तीन वर्षं गेली तर या वाटेनं जुनं येणं वसूल करणं अवघड होऊन बसतं. पैसे देण्याची ऐपत असून तो देत नसेल, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आणि तुरुंगात जाऊन आला म्हणून थकबाकी माफ होत नाही.

ताबा आणि भेट

सर्वोच्च न्यायालयानं १९७३ साली रोझी जेकब यांच्या खटल्यात सांगितलं, की मुलांच्या ताब्याचे हुकूम कायमचे गोठवून ठेवता येत नाहीत. मूल वाढतं, त्याच्या गरजा बदलतात, तसा हुकूमही बदलता आला पाहिजे. आजही कोर्ट एकच गोष्ट आधी बघतं, ती म्हणजे मुलाचं हित. आईचा हक्क मोठा की बापाचा, हा प्रश्न त्यानंतर येतो.

आपल्याकडे एक समज आहे की मूल पाच वर्षांचं झालं की बापाकडे जातं. तसं नाही. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळ असावं, असं कायदा म्हणतो. पाच पूर्ण झाल्यावर ते आपोआप बापाकडे जात नाही. "तू गरीब आहेस, तुला ताबा मिळणार नाही" ही भीतीही घालतात. नुसत्या गरिबीमुळे आईचा ताबा जात नाही. पैसा बापाकडे असेल तर तो पोटगीच्या रूपानं येऊ शकतो.

आता दुसरी बाजू. घटस्फोटाच्या वेळी "मुलगी तुझी, मुलगा आमचा" अशी वाटणी करून टाकतात. पुढे काही वर्षांनी कळतं की पोराची शाळा सुटलीय, त्याला ऊसतोडीला बरोबर नेतात, किंवा घरात मारहाण होते. अशा वेळी ती आई ताबा बदलून मागू शकते. बापानं दुसरं लग्न केलं एवढंच कारण पुरत नाही, जसं आईनं दुसरं लग्न केलं एवढ्यानं तिचा ताबा जात नाही. मुलाची शाळा, तब्येत आणि सुरक्षितता यांवर काय परिणाम झाला, ते दाखवावं लागतं. शाळेतली हजेरी, मुख्याध्यापकांचा दाखला, दवाखान्याचे कागद इथं उपयोगी पडतात.

मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याच्याशी बोलतात, पुष्कळदा आपल्या दालनात, आईबाप समोर नसताना. त्यासाठी वयाचा ठराविक आकडा नाही. अशा वेळी मुलाला पढवून नेऊ नका. पढवलेलं बोलणं लगेच ओळखू येतं, आणि लेकरावर केवढं ओझं पडतं ते वेगळंच.

एक गोष्ट मी प्रत्येक गटात सांगते. काहीजणींना ती आवडत नाही, तरी सांगते. पोटगी थकली म्हणून मुलाची बापाशी भेट बंद करू नका. आणि भेट दिली नाही म्हणून त्यालाही पोटगी थांबवता येत नाही. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भेटीच्या वेळी तो दारू पिऊन येत असेल, मुलाला धमकावत असेल, तर भेटीची जागा किंवा वेळ बदला, कोणाच्या तरी समोर भेट ठेवा, असा अर्ज करा. आपणच हुकूम मोडला तर पुढच्या तारखेला आपली बाजू लंगडी पडते. तसंच, मुलाला शाळेतून परस्पर उचलून आणायचं नाही. त्यानं आणलं तर ते चूक आणि आपण आणलं तर बरोबर, असं कोर्ट मानत नाही.

तोंडी ठरलेलं धरू नका

कधी कधी दोघं समजुतीनं घेतात. "पंधराशेचे तीन हजार देतो, उन्हाळ्याची सुट्टी मुलं माझ्याकडे राहू दे." हे चांगलंच आहे. पण चार महिन्यांनी शब्द फिरला तर आपल्या हातात जुनाच हुकूम राहतो. म्हणून ठरलेलं लिहून, दोघांच्या सह्यांनी कोर्टात दाखल करा आणि त्यावर हुकूम घ्या. लोकअदालतीतही हे करता येतं.

कागद आणि खर्च

पहिलं काम म्हणजे जुन्या हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल. ती नसेल तर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून मिळते. मग मुलाचा जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड, फीच्या पावत्या, दवाखान्याची बिलं, पोटगी ज्या खात्यात येते त्याचं पासबुक. त्याच्याबद्दल जेवढं मिळेल तेवढं: कुठं काम करतो, सातबारा, आठ-अ.

गटातल्या कागदांचीही किंमत ओळखा. मुलाच्या फीसाठी आपण गटाकडून कर्ज घेतलं, तर ते इतिवृत्तात आणि कर्जनोंदीत कारणासकट लिहिलेलं असतं. पोटगी पुरत नाही, हे दाखवायला ती नोंद कामी येते. म्हणून सचिवांनी कर्जाचं कारण नुसतं "घरखर्च" असं लिहू नये. "मुलाची आयटीआय फी" असं नीट लिहावं.

२०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ठरवून दिलं, की पोटगीच्या कामात दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर सांगायची. हा खटला आपल्या नागपूरहूनच वर गेला होता. त्यामुळे त्याला पगार लपवणं अवघड झालं. पण आपणही काही लपवायचं नाही. शेळ्या आहेत, शिलाई मशीन आहे, पापडाचा धंदा आहे, तर ते लिहायचं. बाई थोडंफार कमावते म्हणून तिची किंवा मुलांची पोटगी आपोआप बंद होत नाही. खोटं बोललेलं मात्र अंगाशी येतं.

वकिलाच्या पैशांची चिंता असेल तर ऐका. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. हा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं दिलेला हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. तिथं साधा अर्ज द्यायचा. १५१०० या नंबरवर फोन करूनही माहिती मिळते. पोटगी आणि घटस्फोटाच्या कामात महाराष्ट्रात बायकांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी हा खर्च मात्र आहे, तो मी लपवणार नाही. तारखा पडतात, वेळ लागतो.

आमच्या ताईचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी गटानं तिला आठ हजार दिले. पुढच्या आठवड्यात गटातली एकजण तिच्याबरोबर तालुक्याला गेली. नक्कल निघाली, वकील मिळाले, अर्ज दाखल झाला. निकाल अजून लागायचा आहे. पण आता तिच्या अर्जावर एक तारीख पडलेली आहे, आणि मोजणी व्हायची ती त्या तारखेपासून होईल.

तुमच्या पुढच्या बैठकीत बचत गोळा झाल्यावर दहा मिनिटं या विषयाला द्या. गटात ज्यांच्याकडे पोटगीचा किंवा ताब्याचा हुकूम आहे, त्यांना तीनच गोष्टी विचारा. हुकूम कोणत्या सालचा आहे? तेव्हापासून काय बदललं? आणि पैसे थकलेत का, थकले असतील तर कधीपासून? उत्तरं ऐकली की तालुक्याला कोणाबरोबर कोणी जायचं, ते गटच ठरवेल.

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.