शिंपल्याच्या आंतला जीव



समुद्रकांठीं मुलें शिंपले वेंचतात आणि बाजारांत आपण कोळणीकडून तिसऱ्यांचा वाटा घेतों. परंतु मुलांच्या हातांतला तो रिकामा शिंपला एका प्राण्याचें घर होतें, आणि आपल्या ताटांत येतो तो त्या घराचा धनी, ही सांगड आपण क्वचितच घालतों. या प्राण्याची शरीररचना कशी आहे, शास्त्रज्ञांनीं त्याचें वर्गीकरण कसें केलें, आणि या ज्ञानाचा आपल्या स्वयंपाकघराशीं काय संबंध पोंचतो, एवढ्या तीन गोष्टी आज मी सांगणार आहें.

गोगलगाय, माकूल आणि शिंपल्यांतील जीव हे सारे ‘मृदुकाय’ या प्राणिसंघाचे घटक होत. त्यांपैकीं ज्यांचें कवच दोन झडपांचें असतें त्यांचा वर्ग निराळा. त्यांच्या आज जिवंत असलेल्या जाति सुमारें ९ ते १० हजार भरतात, व त्यांतील बहुतेक समुद्रांत राहतात. ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल यानें त्यांना ‘दोन दारांचे’ म्हटलें होतें. स्वीडनच्या लिनियसनें १७५८ सालीं कवच पाहूनच त्यांना ‘द्विपुट’ या अर्थाचें नांव दिलें. पुढें फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ब्लँव्हील यानें कल्ल्यांवरून ‘पत्रक्लोम’, म्हणजे पानांसारखे कल्ले असलेले, या अर्थाचें, तर जर्मनीच्या गोल्डफुस यानें १८२० सालीं पायावरून ‘परशुपाद’, म्हणजे कुऱ्हाडीच्या पात्यासारखा पाय असलेले, या अर्थाचें नांव योजिलें. प्राणी एक आणि नांवें तीन. पण या तीन नांवांत त्याचें निम्में शरीरशास्त्र आलें.

प्रथम कवच घेऊं. एक झडप म्हणजे भांडें आणि दुसरी म्हणजे त्यावरचें झांकण, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. एखादें पुस्तक पाठ वर करून उभें धरावें, म्हणजे त्याचा एक पुठ्ठा उजवीकडे व दुसरा डावीकडे येतो. तशाच या झडपा प्राण्याच्या उजव्या-डाव्या अंगाला असतात. पाठीवर त्यांना जोडणारा एक चिवट, लवचिक बंध असतो. त्याची ओढ सदैव झडपा उघडण्याकडे. मिटण्याचें काम आंतल्या स्नायूंचें. प्राणी मेला कीं स्नायु ढिले पडतात आणि झडपा आपोआप उघडतात. शिजविण्यापूर्वीं उघडी दिसलेली तिसरी बोटानें ठोकून पाहावी व ती मिटली नाहीं तर फेंकून द्यावी, ही जुन्या गृहिणींची रीत शास्त्राला धरूनच आहे.

झडपांच्या आंतून शालीसारखें एक पातळ आवरण असतें, त्याला ‘प्रावरण’ म्हणतात. चुन्याचें कवच तेंच घडवितें. मोत्याच्या शिंपल्यांत एखादी परकी वस्तु अडकून बसली, तर तिच्याभोंवतीं हेंच प्रावरण थरावर थर चढवितें, आणि त्याचाच मोती बनतो.

दुसरा अवयव पाय. वाळूंत राहणारी तिसरी पाय बाहेर काढून तो वाळूंत रोंवते आणि अंग खालीं ओढून घेते. शिणाण्याचा पाय बारीक. त्याच्या बुडाशीं चिवट धागे तयार होतात, व त्यांच्या योगें शिणाणें खडकाला घट्ट धरून राहतें. कालवाची तऱ्हा याहून वेगळी. तें लहानपणींच डावी झडप खडकाला चिकटवितें आणि पुढें जन्मभर हालत नाहीं. म्हणून मोठ्या कालवाला पायच उरत नाहीं.

तिसरा अवयव कल्ले, आणि खरी नवलाई यांतच आहे. या प्राण्याला डोकें नाहीं, दांत नाहींत. पुष्कळांचें तर आंतडेंहि हृदयाच्या आरपार गेलेलें असतें. मग तो खातो कसा? कल्ल्यांवर असंख्य सूक्ष्म रोम असतात व ते सारखे हालत राहतात. त्यामुळें पाणी आंत ओढलें जातें, त्यांतील सूक्ष्म वनस्पति व कण चिकट द्रवांत अडकतात, ते तोंडाकडे जातात, आणि गाळलेलें पाणी बाहेर पडतें. श्वासहि तोच आणि घांसहि तोच! मोठें कालव या रीतीनें तासाला कित्येक लिटर पाणी गाळूं शकतें.

आतां रिकामा शिंपला हातीं घेऊन आंतून पाहा. तिसरीच्या झडपेंत स्नायूंचे दोन ठसे दिसतील, कालवाच्या झडपेंत एकच. तिसरीच्या कांठाजवळ प्रावरणाची एक रेषा असते व ती एका बाजूस आंत वळलेली असते. पाणी घेण्याच्या व सोडण्याच्या दोन नळ्या प्राणी जेथें आंत ओढून घेई, तीच ही जागा. अर्थात् हा जीव वाळूंत पुरलेला राहत होता, हें त्या रेषेवरून कळतें. बिजागरीजवळचे दांत, कल्ल्यांची घडण आणि अलीकडे आनुवंशिक द्रव्याची तुलना, यांवरून वर्गीकरण ठरतें. त्याप्रमाणें कालवें, शिणाणीं आणि मोत्यांचे समुद्री शिंपले एका मोठ्या शाखेंत येतात. गोव्याच्या जुन्या घरांत खिडक्यांना कांचेऐवजीं ज्याचे पातळ तुकडे बसवीत, तो चपटा शिंपलाहि त्यांचाच भाऊबंद. तिसऱ्या दुसऱ्या शाखेंतल्या. लांकूड पोखरून जहाजें निकामी करणारा अळीसारखा प्राणीहि तिसऱ्यांच्याच शाखेंतला. पुढच्या टोंकाच्या दोन इवल्या झडपांवरून त्याचें कूळ ओळखतां येतें.

आतां स्वयंपाकघराकडे वळूं. जो प्राणी अहोरात्र पाणी गाळतो, त्याच्या अंगांत त्या पाण्यांतलें बरेंवाईट सांचणारच. खाडींत गांवची घाण सुटली तर रोगजंतु, कारखान्यांचें सांडपाणी सुटलें तर जड धातु त्याच्या देहांत उतरतात. नीट शिजविल्यानें जंतु मरतात. धातु जात नाहींत. कांहीं सूक्ष्म वनस्पति स्वतःच विषारी असतात, आणि तें विष उकळूनहि नष्ट होत नाहीं. १९८३ सालीं मंगळूरजवळ खाडींतले शिंपले खाऊन अशी विषबाधा झाली होती. म्हणून समुद्राच्या पाण्याचा रंग पालटला असेल, तेव्हां शिंपले खाऊं नयेत. कालवें व शिंपले बाजारांत नेण्यापूर्वीं स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या हौदांत ठेवून त्यांचीं पोटें निवळूं देण्याची पद्धति आहे. तिनें जंतु पुष्कळ कमी होतात, परंतु मुरलेलें विष किंवा धातु काढण्यास ती पुरी पडत नाहीं.

तात्पर्य, शहरानें खाडींत जें सोडलें त्याचा हिशेब हा मुका प्राणी आपल्या देहांत ठेवितो, आणि ओहोटीच्या वेळीं चिखलांत उतरून शिंपले काढणाऱ्या बायांची रोजची भाकरी त्याच हिशेबावर अवलंबून असते. खाडी स्वच्छ राखणें म्हणजे त्यांचें पोट आणि आपलें ताट या दोहोंचें रक्षण होय. पुढच्या वेळीं मुलें शिंपला घेऊन घरीं येतील तेव्हां त्यांना तो आंतून पाहावयास सांगा. त्यावरचे ठसे वाचतां आले, म्हणजे अर्धा धडा त्यांचा त्यांनाच समजेल.